चहात बुडवलेला टेबलक्लॉथ

“जन्मभर टवके उडालेल्या कपातून चहा प्यायले. म्हटलं, म्हातारपणी तरी धड कप हातात येईल. तर सूनबाईंनी टवके उडालेले कप विकत आणले!”

सासूबाईंचं हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा म्हणून झालं होतं, की त्यांनी नुसतं “जन्मभर” म्हटलं तरी बाकीचे पुढचं पुरं करत. सूनबाई स्वतःसुद्धा. खरं तर तिनंच ते सगळ्यांत झोकात म्हणून दाखवलं असतं, कारण कप विसळताना ती ते मनातल्या मनात रोज म्हणायची.

या सूनबाईला नणंदेनं नाव ठेवलं होतं, पुराणवहिनी. पुढे शेजारपाजारचेही तिला वहिनी म्हणू लागले. ‘पुराण’ तेवढं पाठीमागे म्हणत. वहिनीच्या घरात नवी वस्तू सहसा शिरत नसे आणि जुनी सहसा बाहेर पडत नसे. पडद्यांचे उशांचे अभ्रे होत, अभ्र्यांची पायपुसणी होत, आणि पायपुसण्याचं जे काही उरे ते ‘लागलंच तर’ म्हणून एका डब्यात जाई. बिस्किटांच्या डब्यात बटणं, चहाच्या डब्यात मेणबत्त्यांची बुडखं, साखरेच्या डब्यात फितींची भेंडोळी. बिस्किटं ठेवायला डबाच उरलेला नसल्यामुळे ती आणली त्या दिवशीच संपवावी लागत. याला वहिनी काटकसर म्हणे.

भेटवस्तूचा कागद उलगडणं ही तर त्या घरात शस्त्रक्रिया होती. चिकटपट्टी नखानं अलगद सोडवायची, घडी मोडायची नाही, आणि कागद लगेच वहिनीच्या हवाली करायचा. ती त्याला इस्त्री करून ठेवी. निळ्या चांदण्यांचा एक कागद लेकीच्या पहिल्या वाढदिवसापासून चालू होता. दरवर्षी तो कडेनं थोडा कातरला जाई, त्यामुळे भेटीही दरवर्षी थोड्या लहान होत चालल्या होत्या. नोकरी लागली तेव्हा लेकीला किल्लीची साखळी मिळाली, ती कागदाच्या मापानं.

जगातली माणसं भंगारवाल्याला वस्तू विकतात. वहिनी त्याच्याकडून विकत घेई. तो दारावरची घंटा वाजवून हसत उभा राहायचा. “ताई, आज एक झकास माल आहे. गंजलेला, पोचलेला, एका बाजूला कललेला. बघितला आणि लगेच तुमची आठवण झाली.”

“भाऊ, आठवण झाली ती मालामुळे ना? की पोचे बघून?”

“मालामुळेच हो, ताई,” तो म्हणायचा, पण जरा थांबून.

या सगळ्या जुन्याची शोभा होई ती ऋतूंच्या जेवणांना. हा रिवाज वहिनीनंच काढलेला. ऋतू बदलला की एका रविवारी सगळ्या घरानं एका टेबलाभोवती बसायचं, आणि टेबल सजवायचं ते त्या ऋतूनं स्वतःहून खाली टाकलेल्या वस्तूंनी: वाळकी पानं, फांद्या, बोंडं, पिसं. फुकटात होतं आणि देखणंही दिसतं, असं तिचं म्हणणं. एकदा तिनं आणलेल्या फांदीतून मुंग्यांची अख्खी वरात सूपच्या भांड्याकडे निघाली होती. नवऱ्यानं ती पाहिली, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, “मी काही बोललो नाही.”

हे नवऱ्याचं पेटंट वाक्य. ते आलं म्हणजे समजायचं, काहीतरी भयंकर घडलेलं आहे.

त्या वर्षीचं थंडीचं जेवण मात्र वहिनीला नेहमीसारखं नव्हतं. लेकीला, ठकूला, दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. तिनं तिथं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. जेवणाला यायचं, रात्री राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं सामान गाडीत घालून न्यायचं, असा तिचा बेत होता. वहिनीनं फोन केला.

“ठकू, बरोबर काय काय देऊ?”

“काही नको, आई.”

“इनॅमलचे मग तरी?”

“नको.”

“बरं, ते लाकडी स्टूल? तुला लहानपणी किती आवडायचं!”

“आई, त्याला तीन पाय आहेत.”

“तीन पायांचीच असतात तशी स्टुलं.”

“चौथ्याचं भोक आहे, आई. त्यात मी खडू लपवायचे.” मग लेकीचा आवाज जरा मऊ झाला. “हे बघ, माझं पहिलं घर आहे. मला सगळं नवं हवंय. दुकानातलं, खोक्यातून काढलेलं. तुझ्या घरातलं काही नको. रागवू नकोस हं.”

वहिनी रागावली नाही. घाबरली. ‘तुझ्या घरातलं.’ गेल्या महिन्यापर्यंत ‘आपल्या घरातलं’ होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. वहिनीच्या मनानं त्या दिवशी वैऱ्यांना सुट्टीच दिली. घरातलं काही नको म्हणजे घर नको. घर नको म्हणजे ऋतूंची जेवणं नकोत. जेवणं नकोत म्हणजे पोरगी येणार वर्षातून एकदा, मग दोन वर्षांतून एकदा. भाजी निवडून होईपर्यंत वहिनी पार म्हातारी झाली होती, आणि कुणी एक नातवंड दारात उभं राहून “ह्या कोण?” असं विचारत होतं.

“अगं, तिनं फक्त स्टूल नाकारलंय,” नवरा म्हणाला.

“आधी स्टूलच नाकारतात,” वहिनी म्हणाली.

मग तिनं मनाशी पक्कं केलं. जेवण असं करायचं, टेबल असं मांडायचं, की ठकूनं आपणहून म्हणावं, आई, एवढं एक मला दे. एकच वस्तू. इनॅमलचा मग असो, नाहीतर चमचा. घरातली एक वस्तू तिच्या घरी गेली, की त्या वस्तूच्या निमित्तानं का होईना, पोरगी फोन तरी करील.

जेवणाच्या आधी दोन दिवस नवरा आपल्या आईकडे जाऊन आला. सासूबाई मागच्या गल्लीत स्वतःच्या दोन खोल्यांत राहत. त्या खोल्यांत सगळं नवं होतं आणि नवंच राहणार होतं: सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक, फुलदाणीत प्लास्टिकची फुलं, आणि फुलांवर धूळ बसू नये म्हणून त्यांनाही प्लास्टिक. नवऱ्याच्या हातात एका दुकानाची गुळगुळीत, चकचकीत पिशवी होती.

“आईनं दिलंय. जेवणाला टेबलावर घालायचं आणि मग ठकूला देऊन टाकायचं म्हणाली.”

“कुठून आणलं?”

“मी काय विचारतोय! पिशवी दिली, घेतली.”

पिशवीत टेबलक्लॉथ होता. पांढराशुभ्र, खळीनं कडक, घड्या पात्यासारख्या धारदार. वहिनीनं तो उलगडला आणि तिचे डोळे दिपले. ऑपरेशनच्या टेबलावर घालतात तसा. काय म्हणायचं सासूबाईंना! बाजारात जाऊन आणला असणार, सगळ्यांत पांढरा कुठला म्हणून विचारून. आणि ठकूला हाच आवडणार. दुकानातला, पिशवीतून काढलेला. पोरगी आजीचं कापड मिरवत नेणार आणि आईच्या घरातून नेणार काय, तर हवा.

तिथं वहिनीच्या डोक्यात किडा वळवळला. कापड थोडं जुनं दिसायला लागलं तर? फार नाही, एकच छटा. मधाच्या रंगाची. पांढरं कापड चहाच्या पाण्यात उकळलं की ते जन्मापासून कुणाच्या तरी पेटीत असल्यासारखं दिसतं, ही विद्या तिला चांगली येत होती. घरातले हातरुमाल सगळे तसेच केलेले होते. म्हणजे कापड सासूबाईंचं आणि रंग आपला. लेकीनं उचललंच, तर आपलाही हात त्याच्याबरोबर जाईल. विचार इतका हळवा होता की वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं की तिला नीट दिसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

हातरुमालांना स्टीलचं पातेलं पुरे. टेबलक्लॉथ त्यात मावेना. पण मागच्या महिन्यात भंगारवाल्याकडून घेतलेलं एक भलंमोठं लोखंडी पातेलं होतं, दोन कानांचं, कुठल्यातरी बंद पडलेल्या खानावळीतलं. वहिनीनं त्याचा गंज घासून, तेल पाजून त्याला माणसांत आणलं होतं. त्याचा उपयोग करायला ती निमित्तच शोधत होती. पाणी, मूठमूठ चहा, आणि वर कापड. लाकडी दांड्यानं खालीवर करत ती गाणं गुणगुणत उभी राहिली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वहिनी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली होती. चांगल्या गुणांनी. चहात काय असतं, ते लोखंडाला भेटलं की काय होतं, आणि पूर्वी लोक शाई कशी करत, हे तिनं परीक्षेत आकृतीसकट लिहिलेलं होतं. झाकण काढलं तेव्हा ते सगळं तिला आठवलं. आकृतीसकट.

कापड मधाच्या रंगाचं झालं नव्हतं. पातेल्याला जिथं जिथं चिकटलं तिथं ते काळंनिळं झालं होतं, मध्ये करडं, आणि वर जिथं तरंगत होतं तिथं चहाचा रंग. सगळी इमारत पुसून आलेल्या फडक्यासारखं. वहिनीनं लिंबं पिळली. लिंबू पडलं तिथं पांढरे गोल उमटले. आगीतून फुफाट्यात. आता त्याला ठिपकेही आले.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला. बराच वेळ बघत राहिला.

“मी काही बोललो नाही.”

“मग बोला ना काहीतरी!”

“जिराफ वाटतोय,” नवरा म्हणाला.

वहिनीनं पिशवी उचलली आणि पायांत चपला सरकवल्या. पिशवीवर दुकानाचं नाव होतं. तस्संच दुसरं आणायचं, कुणाला पत्ता लागणार नाही. दुकानदारानं पिशवी बघितली, तिच्याकडे बघितलं आणि अदबीनं म्हणाला, “बाई, आम्ही पादत्राणं विकतो. टेबलाला घालायचं आमच्याकडे काही नाही.” सासूबाई पिशव्या जपून ठेवत, हे वहिनीला माहीत होतं. किंबहुना काही टाकून न देण्यात दोघी सारख्याच होत्या. एक पिशव्या ठेवायची आणि एक पायपुसणी. पण हा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. कापडाची दुसरी दुकानं तिनं पालथी घातली. पांढरी कापडं मिळाली, पण पातळ, सुळसुळीत. तसं जड, घट्ट विणीचं कुठंच नव्हतं. ‘आजकाल नव्या वस्तूही चांगल्या मिळत नाहीत,’ असं पुटपुटत ती परतली.

उरला एकच मार्ग. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रविवारी ठकू आली, नणंद आली आणि शेवटी काठी टेकत सासूबाई आल्या. पाच माणसांचं जेवण, पण टेबलावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक डागावर एक बशी. मोठ्या डागावर ताट. पांढऱ्या गोलांवर इनॅमलचे मग. कोपऱ्यातल्या काळ्या पट्ट्यावर वाळक्या पानांचा ढीग, मध्ये बुडख्यांपासून ओतलेल्या मेणबत्त्या. कडा खाली लोंबू नयेत म्हणून वहिनीनं त्या आत दुमडून टाचण्या लावल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर टेबल इतकं सुंदर त्या घरात कधीच दिसलं नव्हतं. ठकूसुद्धा “अय्या, आई!” म्हणाली. वहिनीचं काळीज सुपाएवढं झालं. अट एकच होती: कशाला हात लावायचा नाही.

“वहिनी, माणसं पाच आणि बश्या डझनभर? कुणी यायचंय का अजून?” नणंदेनं विचारलं.

“शोभेला आहेत गं.”

“बरं. मला जरा पाणी दे, तो मग—”

“उचलू नकोस! मी ओतते. तू नुसती वाक.”

“वाकू?”

“मगाकडे वाक. असं. जुन्या काळी असंच पीत.”

“कोण? गुरंढोरं?”

सूप वाढून झालं. पाव फिरला, पण पावाची ताटली फिरली नाही. वहिनी स्वतः प्रत्येकाच्या मागून पळत पाव वाटत होती. भाजलेले बटाटे आले ते तिनं चिमट्यानं एकेकाच्या ताटात सोडले. कुणाचा हात भांड्याच्या काठाशी गेला की ती दचके. नणंद छायाचित्राला बसावं तशी ताठ बसली होती.

“वहिनी, चमचा उचलला तर चालेल ना? की तोही शोभेचाच?”

“चमचा चालेल,” वहिनी म्हणाली. चमच्याखाली डाग नव्हता.

सासूबाईंनी चष्मा चढवला. “माझं कापड घातलंयस ना?”

“घातलंय तर, आई.”

“दिसत कुठं नाही ते?”

“भांडी... भांडी जरा जास्त झाली.”

नवरा बटाट्याकडे एकटक बघत होता. त्याचं वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं वहिनीला दिसलं आणि तिनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

पण लेक तिचीच. सूप संपत आलं की वाडगा तोंडाला लावून शेवटचा घोट पिण्याची सवय ठकूला लहानपणापासून होती, आणि ती सवय वहिनीनंच लावलेली होती, थेंब वाया जाऊ नये म्हणून. ठकूनं वाडगा उचलला. खाली एक काळंकुट्ट वर्तुळ होतं. तिनं वाडगा बाजूला ठेवला. शेजारची बशी उचलली. नंतर इनॅमलचा मग उचलला. मग पानांचा ढीग सरकवला.

सासूबाईंनी टेबलाच्या कडेखाली हात घातला, टाचणी काढली आणि दुमडलेली कड ओढून बाहेर घेतली. दुमडीच्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“काठ माझा आहे,” त्या म्हणाल्या. “रंग कुणाचा?”

“चहा,” वहिनी म्हणाली.

“सांडला?”

“उकळला.”

“काय उकळला?”

“कापड. चहात. म्हणजे, जरा जुनं दिसावं म्हणून. फारच नवं दिसत होतं, आई.”

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नवं? तुझ्या नवऱ्यापेक्षा मोठं आहे ते.”

मग त्यांनी सांगितलं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या एका कारखान्यात काठ शिवायच्या कामाला होत्या. हॉटेलांचे टेबलक्लॉथ तिथं तयार होत. गावातल्या सगळ्या हॉटेलांच्या टेबलांना सासूबाईंच्या हातचे काठ होते आणि घरात टेबलच नव्हतं. तरी एक तुकडा त्यांनी स्वतःसाठी घेतला आणि डबा खायच्या सुट्टीत त्याचा काठ शिवला.

“दात होते तेव्हा चणे नव्हते,” सासूबाई म्हणाल्या. “मग टेबल आलं. म्हटलं, आता नको, पोरं सांडतील. पोरं मोठी झाली, तर तू आलीस. तू टेबलावर गोणपाट घातलंस.”

“तागाचं होतं ते, आई, हातविणीचं...”

“गोणपाट! त्यावर बटाट्यांचा शिक्का होता. म्हटलं, इथं याचं काही खरं नाही. दर काही वर्षांनी मी ते काढायची, धुवायची, खळ घालायची, घड्या बदलून ठेवायची. म्हटलं, नातीचं घर होईल तेव्हा देईन. नवं कोरं.”

वहिनी उभीच होती, हातात बटाट्यांचा चिमटा. सगळं आयुष्य ती जुन्याच्या मागे फिरली होती. खरं जुनं, हातचं, ज्याला काहीतरी गोष्ट आहे असं. भंगाराचे ढीग उपसले, गंज घासला. आणि ते एकदा स्वतःच्या पायांनी घरात चालत आलं, तेव्हा तिनं त्याला बघून नाक मुरडलं आणि जुनं करायला घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की तिनं हात दाखवला नव्हता, उकळला होता.

मग ठकूनं विचारलं, “आई, तू केमिस्ट्रीची ना गं?”

“चांगल्या गुणांनी,” नवरा म्हणाला. आणि मग घाईघाईनं, “मी काही बोललो नाही.”

पहिल्यांदा नणंद फुटली. तिनं तोंडावर हातरुमाल दाबला, मग त्याचा मधाचा रंग तिच्या लक्षात आला आणि ती आणखीच हसायला लागली. मग ठकू. मग नवरा, भिंतीकडे तोंड करून. वहिनीला हसावं की रडावं कळेना, तेव्हा तिनं दोन्ही एकदम केलं.

सासूबाई हसल्या नाहीत. हसू सगळं संपेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग त्यांनी निकाल दिला.

“उद्या पोरगी गेली की तू माझ्याबरोबर बाजारात चल. या टेबलाला नवं घ्यायचं. मी पसंत करणार. तू एक शब्द बोलायचा नाहीस.”

“बरं, आई.”

“फुलाफुलांचं.”

“बरं.”

“प्लास्टिकचं.”

यावेळचं “बरं” फारच बारीक होतं, पण ते आलं.

जेवण झाल्यावर वहिनी स्वयंपाकघरात लोखंडी पातेलं घासत बसली. ते आधीच स्वच्छ होतं. ठकू येऊन ओट्याला टेकली.

“आजी चिडली नाहीये गं फार.”

“तुझं कापड घालवलं मी.” वहिनी पातेल्यातच बोलत होती, त्यामुळे आवाज घुमत होता. “मला वाटलं, माझंही काहीतरी तुझ्याबरोबर जाईल. तू तर म्हणालीस, तुझ्या घरातलं काही नको.”

“आई, खरं सांगू? मला वस्तूंचं काही नाही. पण तुझी वस्तू आली, की तिच्याबरोबर तू येतेस. एक मग नेला तर फोन येणार, घासलास का? उलटा ठेवलास का? ओला नाही ना राहिला? मला मग हवाय, आई. मगाबरोबर सूचना नकोत.”

वहिनी तोंड उघडणार होती. तोंडात सूचनाच आली होती, की असं ओट्याला टेकू नकोस, ओला आहे. तिनं ती गिळली. घशाखाली उतरायला जड गेली, पण उतरली.

सकाळी गाडीत सामान चढलं. वहिनीनं काही म्हणजे काही पुढं केलं नाही. स्टूल ती पाठीमागे धरून उभी होती, कुणाला दिसू नये म्हणून. ठकूनं बापाला, आजीला निरोप दिला, आईला मिठी मारली, गाडीचं दार उघडलं, आणि परत वळून घरात गेली. बाहेर आली ती दोन्ही हातांनी लोखंडी पातेलं कवटाळून.

“हे नेते.”

वहिनीच्या काळजानं उडी मारली. “सूप करशील त्यात?”

“सूप कसलं! तू परत कुणाचं काही उकळू नयेस म्हणून नेते. जप्ती समज.”

पातेलं मागच्या सीटवर बसलं, ठकूनं त्याला पट्टा लावला आणि गाडी निघाली. वहिनीच्या जिभेवर सगळं ओळीनं उभं होतं: धुतलं की लगेच पूस, ओलं ठेवू नकोस, तेलाचा हात फिरव, पाणी घालून रात्रभर तर ठेवूच नकोस. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तोवर तिनं दात दातावर ठेवले होते. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं.

“तू काही बोलली नाहीस,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता.

त्या दिवशी ठरल्याप्रमाणे बाजार झाला. आता वहिनीच्या टेबलावर प्लास्टिकचं कापड आहे, गुलाबी फुलांचं, ज्यावर हात ठेवला तर चिकटतो. त्याच्याखाली, टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून, तिनं जिराफ घातला आहे. एकदा सासूबाईंनी प्लास्टिकचा कोपरा उचलला, खाली पाहिलं, काठावरून अंगठा फिरवला आणि कोपरा परत सोडला.

महिना होत आला आणि एका संध्याकाळी फोन वाजला. सासूबाई टेबलाशी चहा पीत होत्या, टवका उडालेल्या कपातून.

“आई, त्या पातेल्याला गंज चढला गं. धुऊन तसंच ठेवलं होतं. सगळं तांबडं झालंय. आता काय करू?”

गंज चढल्याची बातमी एवढ्या आनंदानं आजवर कुणी ऐकली नसेल. वहिनी खुर्चीवर बसली. सूचना तयार होत्या, महिनाभर मुरलेल्या.

“काय म्हणतेय?” सासूबाईंनी विचारलं.

“पातेलं गंजलं म्हणते.”

“म्हणावं, फेकून दे आणि स्टीलचं घे.”

“आजी काय म्हणाली?” फोनमधून आवाज आला.

“काही नाही. हे बघ, घाबरू नकोस, हे फोनवर सांगून व्हायचं नाही. ऋतू बदलला की जेवणाला येशील ना, तेव्हा बरोबर घेऊन ये. मी करून देते.”

“अगं, पण तोवर काय करू?”

वहिनीनं प्लास्टिकच्या गुलाबी फुलावरून हात फिरवला. हात चिकटला.

“तोवर?” ती म्हणाली. “तोवर गंजू दे.”